शटर चारलाच का पडायचं? २०२१च्या ‘अनलॉक’चं गणित

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या काकांनी १ जून २०२१ला शटरच्या कडेला एक पुठ्ठा टांगला : ‘दुकान दु. २ पर्यंत’. आठवड्याभरात २ वर काट मारून त्यांनी ४ केले. त्याच्या पुढच्या सोमवारी ४ वर पांढरी पट्टी चिकटवून ‘संध्या. ७’ झालं. महिना संपता संपता पट्टी उचकटली, खालचे ४ पुन्हा दिसायला लागले. मग काका वैतागले. त्यांनी कटरने आकड्याच्या जागी एक चौकोनी खिडकीच कापली आणि मागून चिठ्ठी सरकवायची सोय करून घेतली. “रोज पुठ्ठा कुठून आणू, ताई?”

कोरोनाची दुसरी लाट ओसरताना त्या खिडकीत कुठला आकडा येणार हे पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात कोण आणि कशावरून ठरवत होतं? तेव्हा आपण सगळे ‘लेव्हल तीन’, ‘लेव्हल चार’ असं बोलायला शिकलो, पण त्यामागचा हिशेब फार थोड्या लोकांनी वाचला. तो खरं तर अवघड नव्हता. पाचवीच्या शेकडेवारीत बसेल एवढाच होता, आणि त्याच्या अडचणीही शेकडेवारीच्याच होत्या.

आधी कोष्टक पाहू. राज्य सरकारने ४ जूनच्या रात्री आदेश काढला, तो ७ जूनपासून लागू झाला. (आदल्या दिवशी मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्हे पूर्ण खुले होणार असं जाहीर केलं होतं आणि काही तासांतच सरकारने खुलासा केला, की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. मधल्या वेळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन सहली ठरल्या आणि मोडल्या.) आदेशाने फक्त दोन गोष्टी मोजायला सांगितल्या. एक, आठवड्याभरात जेवढ्या चाचण्या झाल्या त्यातल्या शेकडा किती पॉझिटिव्ह आल्या, म्हणजेच पॉझिटिव्हिटी. दोन, ऑक्सिजनची सोय असलेल्या खाटांपैकी शेकडा किती भरल्या आहेत. या दोन आकड्यांवरून पाच स्तर पाडले. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी ५च्या आत पण खाटा २५ ते ४० टक्के, तर दुसरा. पॉझिटिव्हिटी ५ ते १० किंवा खाटा ४०च्या वर, तर तिसरा. १० ते २० किंवा खाटा ६०च्या वर, तर चौथा. २०च्या वर किंवा खाटा ७५च्या वर, तर पाचवा, म्हणजे जवळजवळ पूर्ण टाळेबंदी.

यातले ‘आणि’ व ‘किंवा’ हे दोन छोटे शब्द पुन्हा वाचा. वरच्या दोन स्तरांत ‘आणि’ आहे, खालच्या तीन स्तरांत ‘किंवा’. सुटका हवी असेल तर दोन्ही आकडे चांगले हवेत. निर्बंध वाढायला मात्र एक आकडा बिघडला तरी पुरे. अख्ख्या आदेशातली सगळ्यात शहाणी जागा ही आहे असं मला वाटतं, कारण हे दोन आकडे वेगवेगळ्या वेळची गोष्ट सांगतात.

समजा, एखाद्याला आज लागण झाली. चार-पाच दिवसांनी अंग दुखायला लागतं, दोन दिवस तो क्रोसिन घेऊन काढतो, मग चाचणी करतो. त्याचा आकडा पॉझिटिव्हिटीत येईपर्यंत आठवडा जातो. त्रास वाढून ऑक्सिजन लागायची वेळ आली तर ती आणखी काही दिवसांनी. म्हणजे भरलेल्या खाटा जे दाखवतात ती साधारण दोन आठवड्यांपूर्वीची लागण असते. पॉझिटिव्हिटी त्याच्या आधी हलते. पहिला आकडा गच्चीवरच्या टाकीत पाणी किती वेगाने येतंय ते सांगतो, दुसरा टाकी किती भरली आहे ते. नळ बंद केला तरी टाकीतलं पाणी लगेच उतरत नाही, आणि टाकी रिकामी आहे म्हणून नळ धो धो सोडून झोपूनही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्ये सुचवलं होतं, की निर्बंध उठवण्याआधी पॉझिटिव्हिटी किमान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावी. त्यातले दोन आठवडे याच हिशेबाने येतात. आपल्याकडे मात्र दर गुरुवारी आकडे जाहीर व्हायचे आणि पुढच्या सोमवारपासून स्तर बदलायचा. एका आठवड्याच्या आकड्यावर पुढच्या आठवड्याचं शटर. काकांच्या पुठ्ठ्याची दमछाक झाली ती इथे.

आता शेकडेवारीची अडचण. शेकडेवारीत वर एक संख्या असते आणि खाली एक, आणि खालची संख्या आपल्या हातात असते. एक काल्पनिक शहर घ्या. तिथे ताप-खोकलावाल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मिळून ५,००० चाचण्या झाल्या, ५०० पॉझिटिव्ह आल्या. दर १० टक्के, म्हणजे चौथ्या स्तराच्या उंबरठ्यावर. पुढच्या आठवड्यात महापालिकेने मंडईत तंबू ठोकला आणि भाजीवाले, रिक्षावाले, दुकानांतली पोरं अशा आणखी ५,००० धडधाकट लोकांच्या झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड अँटिजेन चाचण्या केल्या. त्यात १०० पॉझिटिव्ह निघाले. एकूण १०,००० चाचण्या, ६०० पॉझिटिव्ह, दर ६ टक्के. शहर तिसऱ्या स्तरात आरामात बसलं. आजार कमी झाला का? उलट १०० रुग्ण जास्त सापडले!

याला लगेच लबाडी म्हणू नये. मंडईत जाऊन चाचण्या करणं चांगलंच काम आहे, त्या शंभर जणांनी नाहीतर आठवडाभर भाजी विकली असती. पण ज्या आकड्यावर बाजाराचं पोट अवलंबून आहे तोच आकडा तंबू वाढवून खाली येत असेल, तर तंबू किती आणि कुठे लावायचे यावर कुणाचं तरी मन वळणारच. शिवाय अँटिजेन चाचणी काही बाधितांना निगेटिव्ह दाखवते. म्हणून २५ जूनला सरकारने नियम बदलला : दर काढताना फक्त आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जास्त अचूक चाचण्या धरायच्या. हा बदल पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता.

खाटांचंही तसंच. ६,००० ऑक्सिजन खाटांपैकी ३,००० भरल्या असतील तर ५० टक्के. कुठल्याशा मैदानावर २,००० खाटांचं जंबो केंद्र उभारलं की तेच ३,००० रुग्ण साडेसदतीस टक्के होतात. आणि पुण्यासारख्या शहरात खाटेवर झोपलेला माणूस शहरातलाच असतो असंही नाही. सातारा, नगर, सोलापूरहून आलेले रुग्ण इथल्या खाटेवर असतात. त्यांची लागण त्यांच्या जिल्ह्यात मोजली जाते आणि खाट इथल्या हिशेबात भरलेली दिसते. मोठं रुग्णालय असणं ही शहराची शिक्षा झाली असं तेव्हा काही व्यापारी चिडून म्हणत. ते चिडणं चुकीचं नव्हतं, पण खाट भरलेली असते ती भरलेलीच. पुढचा रुग्ण सिंहगड रोडचा असला तरी त्याला ती मिळणार नाही.

मग शहर म्हणजे नेमकं कुठपर्यंत? आदेशाने २०११च्या जनगणनेप्रमाणे १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका स्वतंत्र धरल्या आणि जिल्ह्याचा उरलेला भाग वेगळा. कागदावर बरोबर. पण आमच्याकडे पुण्यात धायरी महापालिकेत आणि शेजारचं नऱ्हे ग्रामीण. नऱ्हे आणि बरोबरची मिळून २३ गावं महापालिकेत आली ती ३० जून २०२१ला. त्यामुळे जूनच्या मधल्या पंधरवड्यात शहरात सात वाजेपर्यंत दुकानं आणि हद्दीपलीकडे नियम जास्त कडक. नऱ्ह्यातली मंडळी काय करणार? आली धायरीत वह्या घ्यायला. काकांचा तो पंधरवडा बरा गेला. नियम करणाऱ्याने गर्दी कमी केली नव्हती, फक्त एका गावातून दुसऱ्या गावात ढकलली होती.

मुंबईची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. पहिल्या आठवड्यात मुंबईची पॉझिटिव्हिटी साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून तिसरा स्तर. पुढे ती पाचाखाली आली, मग चाराखाली, खाटाही रिकाम्या होत गेल्या. कोष्टकाप्रमाणे मुंबई आधी दुसऱ्या आणि नंतर पहिल्या स्तराला पात्र ठरली, तरी महापालिकेने शहर तिसऱ्यातच ठेवलं. कारणं दिली ती लोकसंख्येची दाटी आणि लोकल. वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई ही कोष्टकात वेगवेगळी शहरं आहेत, पण विरार फास्टच्या दारात लटकणाऱ्याला आपण कुठल्या प्रशासकीय घटकात लटकतोय हे ठाऊक नसतं. मुंबई स्वतःच्या आकड्यावर उघडली असती तर शेजारच्यांच्या आकड्यावर आजारी पडली असती. स्थानिक अधिकाऱ्याला नियम जास्त कडक ठेवायची मुभा असावी ती यासाठी. हीच मुभा वापरून मुंबईकरांना लोकलपासून महिनोन् महिने लांब ठेवलं गेलं. बदलापूरहून दादरला नोकरीला येणाऱ्याने रोज बसचे किती तास आणि किती पैसे मोजले, हा रकाना कुठल्याच कोष्टकात नव्हता.

आता शटरकडे येऊ. तिसऱ्या स्तरात सगळी दुकानं चार वाजेपर्यंत, अत्यावश्यक सोडून बाकीची शनिवार-रविवार बंद. हॉटेलात चार वाजेपर्यंत निम्म्या खुर्च्या, पुढे पार्सल. मॉल आणि थिएटर बंद. लग्नाला ५० माणसं, अंत्यविधीला २०. पाचनंतर संचारबंदी. लोक विचारायचे, चार वाजता विषाणू ड्यूटीवर येतो का? विनोद चांगला होता, पण चारची वेळ विषाणूसाठी नव्हतीच, आपल्यासाठी होती. दुपारी माणूस कामाची वस्तू घेऊन परत जातो. संध्याकाळी तो बायकामुलांना घेऊन निघतो, चार दुकानं बघतो, भेळ खातो, ओळखीचा भेटला की मास्क हनुवटीवर घेऊन अर्धा तास गप्पा मारतो. संध्याकाळ बंद केली की हे सगळं बंद. ते साधलंसुद्धा. बदल्यात जे आलं ते मी साडेतीन वाजता रोज पाहायची : काकांच्या दहा बाय बाराच्या दुकानात चौदा माणसं, प्रत्येकाला प्रोजेक्टसाठी चार्ट पेपर आत्ताच हवा, आणि काका एका हाताने शटर ओढत “झालं, झालं, शेवटचं!” तीच माणसं संध्याकाळी सातऐवजी दुपारी चारच्या आत आली तर दुकान जास्त भरणार, हे सांगायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही.

खरा मुद्दा वेळेचा नव्हता, हवेचा होता. हा आजार मुख्यतः बंद जागेत, कोंदट हवेत, जवळ बसून, बराच वेळ बोलण्यातून पसरतो. कुठली गोष्ट आधी उघडायची हे ठरवताना चार प्रश्न पुरतात. छत आहे का? तोंडावरचा मास्क काढावा लागतो का? माणसं किती जवळ असतात? किती वेळ थांबतात? काही नियम या चौकटीत चपखल बसत होते. २८ जून २०२०ला सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. लोक हसले, पण दाढीसाठी मास्क उतरवावा लागतो, केसांसाठी नाही. २०२१च्या तिसऱ्या स्तरात सलून आणि जिमना निम्म्या क्षमतेने, आधी वेळ ठरवून आणि एसी बंद ठेवून परवानगी होती. एसी बंद म्हणजे खिडक्या उघड्या, एवढा साधा अर्थ. पण त्याच तिसऱ्या स्तरात मोकळ्या मैदानावर, बागेत चालायला सकाळी पाच ते नऊच मुभा! जिथे छतच नाही, ती जागा सगळ्यात कमी तास उघडी. ही उलटी उतरंड मला तेव्हाही कळली नाही, आजही कळत नाही. मोकळी जागा दिवसभर उघडी ठेवली असती तर घराघरांत होणाऱ्या बैठकी तरी बाहेर आल्या असत्या.

हे सगळे आदेश निघत होते दोन कायद्यांखाली. एक २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्यात जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे असतात. दुसरा १८९७चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी घाईने केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा. पुण्याला तो कसा आठवतो हे वेगळं सांगायला नको. सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या आणि चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ची गणेशखिंडीतली रात्र शाळेच्या पुस्तकात आहे. त्या कायद्याने सरकारला लागतील ते तात्पुरते नियम करायचा अधिकार दिला, पण नियम कधी उठवायचे याबद्दल तो गप्प आहे. २०२१च्या कोष्टकात मला आवडणारी गोष्ट ती हीच. आपल्याला कधी सोडणार हे त्यात आधीच लिहिलेलं होतं. तिसरीतल्या पोरालाही मोजता येईल अशा आकड्यांत लिहिलेलं होतं. साहेबांची मर्जी नाही, तर ५ आणि ४०.

ते फार टिकलं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राज्यात डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण असल्याचं जाहीर झालं, त्यातले ९ रत्नागिरीत आणि ७ जळगावात. २५ जूनच्या आदेशात आरटीपीसीआरच्या अटीबरोबर आणखी एक वाक्य आलं : आकडे कितीही चांगले असले तरी कुणालाही तिसऱ्या स्तराच्या वर जाता येणार नाही. पहिला आणि दुसरा स्तर कागदावर राहिले. सावधगिरी म्हणून ते समजण्यासारखं होतं. पण ज्या शहराने तीन आठवडे आकडा खाली आणला होता त्याला सांगितलं गेलं, की शर्यत तुम्ही जिंकलात पण बक्षीस रद्द झालं आहे. २८ जूनला पुण्यात पुन्हा चार वाजले. काकांनी खिडकी कापली ती त्या दिवशी. “आकडा कमी आला तरी चार, जास्त आला तरी चार. मग मोजतात कशाला?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढे २ ऑगस्टला राज्याने बऱ्याच जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मुभा दिली आणि ११ जिल्हे तिसऱ्या स्तरात ठेवले. त्यात पुणे जिल्हा होता. शहराचा दर कमी असताना जिल्ह्यासाठी शहराला का अडकवता, म्हणून व्यापारी रस्त्यावर आले. आठवड्याभरात पालकमंत्री अजित पवारांनी ९ ऑगस्टपासून शहराला आठ वाजेपर्यंत सूट दिली, पण एक अट घालून : पॉझिटिव्हिटी ७ टक्क्यांच्या वर गेली तर सूट परत घेणार. पाच स्तर, दोन आकडे, आणि-किंवा सगळं जाऊन एकच आकडा उरला, आणि काकांना तो पाठ झाला. मग १५ ऑगस्टपासून राज्यभर रात्री दहा, लसीचा दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल, आणि एक नवा काटा : कोविडसाठी राज्याची ऑक्सिजनची रोजची गरज ७०० मेट्रिक टनांच्या वर गेली की पुन्हा टाळेबंदी. ७००च का? राज्यात रोज तयार होणारा ऑक्सिजन साधारण बाराशे-तेराशे टन, आणि दुसऱ्या लाटेच्या भरात मागणी त्याच्या पार पुढे गेली होती. ७००ला सावध झालं तर हाताशी थोडे दिवस राहतात.

काटा का बदलला ते जानेवारी २०२२मध्ये दिसलं. ओमायक्रॉन हा विषाणूचा आणखी एक प्रकार आला, मुंबईत ६ जानेवारीला एका दिवसात २० हजारांवर रुग्ण सापडले, पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांच्या वर गेली. जूनच्या कोष्टकाप्रमाणे हा सरळ पाचवा स्तर. पण बहुतेकांना लस मिळालेली होती आणि रुग्णांच्या मानाने ऑक्सिजनच्या खाटा फारशा भरत नव्हत्या. नळ धो धो चालू आणि टाकी निम्मीही नाही, कारण बहुतेक पाणी टाकीपर्यंत पोचतच नव्हतं. १० जानेवारीपासून दिवसा जमावबंदी, रात्री ११ ते ५ संचारबंदी आली, पण दुकानं उघडी राहिली. मार्चमध्ये जिल्हे शंभर टक्के उघडायचे ठरले तेव्हा अटींच्या यादीत आधी पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, आणि त्याच्या जोडीला १० टक्क्यांखालची पॉझिटिव्हिटी आणि ४० टक्क्यांखालच्या खाटा होत्या. ३१ मार्चला मंत्रिमंडळाने सगळेच निर्बंध उठवायचं ठरवलं, दोन दिवसांवर गुढीपाडवा होता.

पाडव्याला मी वही घ्यायला गेले तेव्हा दुकानावर गुढी होती आणि पुठ्ठा अजून तिथेच होता. खिडकीत चिठ्ठी नव्हती. मागची निळी भिंत दिसत होती. काढला का नाही म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, “असू दे. सुट्टीच्या दिवशी चिठ्ठी लावायला बरा पडतो.”